खोली रिकामी दिसतेय, तरी एक रात्र का देत नाहीत? गोव्यातल्या हॉटेल बुकिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की गोव्यातल्या कुठल्याही हॉटेलच्या रिझर्व्हेशन डेस्कवर एक वाक्य दिवसभर ऐकू येतं: "अहो, एकच रात्र द्या ना!" त्याच्या खालोखाल येतं ते "फक्त तारीख बदलायचीय, एवढं काय त्यात?" फोनवर आणि व्हॉट्सॲपवर सतत येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगाव आणि मुंबईचे. मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे उत्तरांत हॉटेलचं गणित जास्त दिसेल. हॉटेलवाले जिथे हात धुऊन घेतात, तेही लिहिलंय.

१. मिनिमम स्टे म्हणजे नक्की काय?

ठरावीक तारखांना किमान अमुक रात्री राहणार असाल तरच बुकिंग घेऊ, अशी अट. मोजायच्या त्या रात्री, दिवस नव्हे. "तीन दिवस येतोय" म्हणणाऱ्यांच्या बऱ्याचदा दोनच रात्री भरतात आणि मग घोळ होतो.

ही अट दोन प्रकारे लावतात, हे फारसं कुणी सांगत नाही. पहिल्या प्रकारात ती फक्त चेक-इनच्या तारखेला लागते: ३१ तारखेला याल तर तीन रात्री घ्या, पण ३० ला आलात तर दोन चालतील. दुसऱ्या प्रकारात तुमच्या मुक्कामातली एक जरी रात्र त्या तारखांत आली तरी अट लागू. त्यामुळे ॲपवर "उपलब्ध नाही" दिसलं की चेक-इन एक दिवस अलीकडे घेऊन पाहा. पहिला प्रकार असेल तर बंद दिसणारी खोली उघडते.

२. खोली रिकामी आहे, मी पैसे द्यायला तयार आहे, मग एका रात्रीला नकार का?

कारण तुमच्या एका रात्रीमुळे शेजारच्या रात्री अडकतात.

एकच खोली धरा. २९, ३०, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी अशा चार रात्री विकायच्या आहेत. उदाहरणापुरता भाव ३१ ला १२,००० रुपये आणि बाकी तिन्ही रात्री ८,००० रुपये. चारही रात्री एकाच पाहुण्याला गेल्या तर ३६,००० रुपये येतात. आता नोव्हेंबरातच कुणी फक्त ३१ तारीख घेतली, तर १२,००० हातात आले. मागे २९-३० चा तुकडा राहिला आणि पुढे १ तारीख एकटी पडली. नवीन वर्षासाठी येणाऱ्याला ३१ ची रात्र हवीच असते, ती नसलेला तुकडा तो कशाला घेईल? पहिल्या जानेवारीला संध्याकाळी नव्यानं चेक-इन करणारे तर फारच थोडे. म्हणजे १२,००० साठी २४,००० पणाला लागतात. लांब पल्ल्याच्या एसटीत पुणे-पणजी जाणाऱ्या प्रवाशाची सीट आधीच सातारा-कराडसाठी दिली, तर उरलेला रस्ता ती मोकळीच धावणार, तसं हे आहे.

यात आपल्या लोकांची एक अडचण मला रोज दिसते. दिल्ली-बंगळूरचा माणूस विमानाचं तिकीट काढून येतो, त्यामुळे तो दोन महिने आधी ठरवतो आणि चार-पाच रात्री राहतो. कोल्हापूर-बेळगावचा माणूस शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढतो, आंबोली नाहीतर चोर्ला घाट उतरतो आणि त्याला खरोखर एकच रात्र हवी असते. अटीचा फटका सर्वांत जास्त त्यालाच बसतो. हॉटेलला त्याचं वावडं नसतं. अट लावतेवेळी हिशेबात विमानानं येणारा पाहुणा असतो, इतकंच.

३. ही अट गोव्यात वर्षभर असते का?

नाही. साधारण २० डिसेंबर ते ३ जानेवारी हा सगळ्यांत कडक काळ. तेव्हा किनाऱ्यालगतची बरीच हॉटेलं तीन ते पाच रात्री मागतात. त्यानंतर नंबर लागतो २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर शनिवार-रविवारला चिकटून आल्यावर होणाऱ्या लाँग वीकेंडचा. तेव्हा दोन रात्री मागतात. दिवाळीच्या सुट्टीत आणि कार्निव्हलच्या शनिवार-रविवारीही काही ठिकाणी दोन.

पणजीचं वेगळं. नोव्हेंबरात इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असतो तेव्हा समुद्रापासून लांब असलेली हॉटेलंही भरतात. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त असतं, त्याच्या आसपासही तसंच.

जून ते सप्टेंबर मात्र, १५ ऑगस्टचा लाँग वीकेंड सोडला तर, उलटा कारभार. किनाऱ्यावरचे शॅक (हंगामी उपाहारगृहं) मोडलेले, समुद्र खवळलेला, लाइफगार्ड पाण्यात उतरू देत नाहीत. तेव्हा बहुतेक ठिकाणी एक रात्र आनंदानं मिळते, वर भावातही सूट. अपवाद चवथीचा. गणपतीत आमच्याकडचे निम्मे कामगार पेडणे, डिचोली, सावंतवाडी, कुडाळकडे घरी जातात. लहान हॉटेलं त्या आठवड्यात मजले बंद ठेवतात किंवा बुकिंगच घेत नाहीत. त्याला मिनिमम स्टे समजू नका, काम करायला माणूसच नसतो.

४. एका रात्रीच्या पाहुण्याचा हॉटेलला एवढा काय त्रास?

चेक-आउट ११ ला, चेक-इन २ ला. मधल्या तीन तासांत खोली नव्यासारखी करायची. समुद्रावरच्या हॉटेलात ते सोपं नसतं: बाथरूमच्या जाळीत वाळू अडकलेली, बाल्कनीच्या कठड्यावर ओले कपडे, चादरीवर सनस्क्रीनचे पिवळट डाग, आणि टॉवेल तर गाडी पुसल्यासारखे. मुक्कामी पाहुण्याची खोली पंधरा-वीस मिनिटांत आवरते, सुटलेल्या खोलीला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. बहुतेक लहान हॉटेलांची लाँड्री बाहेर जाते. ३१ तारखेला कळंगुट-बागाच्या रस्त्यावर लाँड्रीचा टेम्पो अडकला की सगळंच लांबतं. त्या दिवशी वीसच्या वीस खोल्या बदलायच्या असतील, तर दुपारी २ ला चेक-इन देणं अशक्य होतं आणि लॉबीत बॅगांचा ढीग लागतो.

तरी खरं सांगायचं तर साफसफाई हे दुय्यम कारण आहे. खर्च वाढवून मागता येतो, आणि काही जण तसा मागतातही. मुख्य कारण प्र. २ मधलंच.

५. ॲपवर "एक रात्र नाही" दिसतं, पण फोन केला की देतात. हे कसं?

कारण तारीख जवळ आली की गणित फिरतं. दोन बुकिंगच्या मध्ये एखादी रात्र एकटी उरली असेल तर तिथे तीन रात्रींची अट ठेवून हॉटेलचंच नुकसान. जागरूक मॅनेजर ती अट स्वतःच काढतो. लहान ठिकाणी ॲपवर बदल करायला कुणाला सवड नसते, म्हणून फोनवर काम होतं.

कधी करायचा फोन? महिनाभर आधी करून उपयोग नाही, तेव्हा अट हवीच असते. चार-पाच दिवस उरले असताना सकाळी ११ ते १२ सोडून करा, त्या वेळी काउंटरवर चेक-आउटची झुंबड असते. आणि "डिस्काउंट किती?" नं सुरुवात न करता "मध्ये एखादी सुटी रात्र आहे का?" असं विचारा. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की समोरच्याला बुकिंगचा तक्ता समजतो. ३० आणि ३१ साठी मात्र या युक्तीवर विसंबून गाडी काढू नका.

६. शुक्रवारी चेक-इन चालतं, शनिवारी नाही. दोन रात्री तर दोन्हीकडे भरतात!

त्या तारखेला "आगमन बंद" केलेलं असतं. शनिवारची रात्र विकायची आहे, पण शुक्रवारपासून राहणाऱ्यालाच. शनिवारी सुरुवात झाली तर शुक्रवार रिकामा जातो आणि तुमची दुसरी रात्र रविवारवर येते, जी एरवीही स्वस्तच विकावी लागते.

७. सीझनमध्ये एकच रात्र हवी असेल तर कुठे बघू?

किनारा सोडा. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथली शहरी हॉटेलं कामानिमित्त येणाऱ्यांवर चालतात, तिथे एका रात्रीचा पाहुणा हा नेहमीचा पाहुणा. कुलदेवतेच्या दर्शनाला येणाऱ्यांनी तर समुद्राकडे बघायचंही कारण नाही. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी या देवस्थानांत भाविकांच्या राहण्याची सोय असते. देवस्थानाच्या कार्यालयात आधी फोन करून विचारा. जत्रेच्या दिवसांत तिथेही जागा मिळणार नाही, आणि पार्टीचा बेत असेल तर तिकडे फिरकूही नका.

८. तीन रात्री बुक करून एकच रात्र राहिलो तर?

राहू शकता, कुणी अडवणार नाही. पण अट असलेल्या तारखांना उरलेल्या रात्रींचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. "काम आलं, निघतोय" हे काउंटरवर ठरवून ऐकवणारे इतके झालेत की हॉटेलं आता पूर्ण रक्कम आधीच घेतात. निघताना उरलेल्या रात्री सोडल्याचं मात्र लेखी कळवा. तीच खोली पुन्हा विकली गेली तर काही परत मागायला तुमच्याकडे आधार राहतो (प्र. १७).

९. मला रद्द करायचं नाही, फक्त तारीख एक आठवडा पुढे हवीय. त्याला नियम कशाला?

हॉटेलच्या दृष्टीनं तारीख बदलणं म्हणजे जुनं बुकिंग रद्द आणि नवं सुरू. जुनी तारीख पुन्हा विकावी लागते, मग तुम्ही पुढे आलात की नाही यानं फरक पडत नाही. दोन महिने आधी सांगितलंत तर ती आरामात विकली जाते, आदल्या दिवशी सांगितलंत तर गेली. म्हणून बदलाची मुदत असते: कुठे ७ दिवस, कुठे १५, नाताळाला ३०.

दुसरं कारण थोडं खट्याळ आहे. "रद्द केल्यास पैसे नाहीत, पण तारीख बदलता येईल" अशी सवलत पूर्वी अनेक ठिकाणी होती. लोकांनी पळवाट शोधली: तारीख फेब्रुवारीत ढकलायची, तिथे फ्री कॅन्सलेशनची मुदत नव्यानं सुरू झाली की दुसऱ्या दिवशी रद्द करून सगळे पैसे परत. त्यामुळे आता मूळ बुकिंगची अट बदललेल्या तारखेलाही चिकटून येते. एकदाच बदल, अमुक महिन्यांच्या आत, आणि नव्या तारखेला जो भाव असेल त्यातला फरक भरून.

भाव कमी असला तर फरक परत? क्वचित. हे मला पटत नाही, पण चालतं असंच.

१०. तारीख एकच दिवस पुढे गेली, भाव २०० रुपयांनी वाढला, पण बिल हजारानं वाढलं. लबाडी?

नाही, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीच्या एका रात्रीचा भाव ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर ५ टक्के, त्यावर गेला की १८ टक्के. ७,४०० च्या खोलीवर कर ३७० रुपये, एकूण ७,७७०. तीच ७,६०० ची झाली की कर १,३६८ आणि एकूण ८,९६८. भावाच्या या उंबऱ्यापाशी असाल तर आधी करासकट आकडा विचारा.

११. नॉन-रिफंडेबल घ्यावं की फ्री कॅन्सलेशन?

नॉन-रिफंडेबल स्वस्त असतं, कारण तारखेची जोखीम तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेता. रेल्वेचं तिकीट कन्फर्म आहे, सुट्टी मंजूर आहे आणि घरात कुणाची परीक्षा किंवा बाळंतपण नाही, तर खुशाल घ्या. वेटिंग लिस्टवर असताना मात्र घेऊ नका. मांडवी, जनशताब्दी किंवा वंदे भारतचं तिकीट कन्फर्म होईल या आशेवर हॉटेलचे पूर्ण पैसे भरणारे दर डिसेंबरात भेटतात.

फ्री कॅन्सलेशनमध्ये मुदतीची वेळ नीट वाचा. "२४ तारखेपर्यंत" म्हणजे २४ च्या रात्री १२ पर्यंत की २३ संपेपर्यंत, यावरून रोज वाद होतात.

१२. ॲपवरून बुक केलंय. हॉटेल म्हणतं ॲपला विचारा, ॲप म्हणतं हॉटेलला. मी कुणाकडे जाऊ?

पैसे ज्याच्या खात्यात गेले, त्याच्याकडे. ॲपला भरले असतील तर हॉटेलच्या हातात अजून काही आलेलं नसतं. बऱ्याचदा तुम्ही राहून गेल्यावरच ॲप हॉटेलला पैसे चुकतं करतं. अशा बुकिंगची तारीख हॉटेलला स्वतःहून बदलता येत नाही.

क्रम असा ठेवा. आधी हॉटेलच्या मॅनेजरकडून "आमची हरकत नाही, शुल्क घेऊ नये" असं ईमेलवर लेखी घ्या. मग ॲपवर विनंती टाका आणि तो ईमेल जोडा. ॲप पुन्हा हॉटेलला विचारतंच, तेव्हा उत्तर तयार असतं. तोंडी होकाराला किंमत नाही. रात्रपाळीच्या मुलानं "हो सर" म्हटलेलं सकाळच्या पाळीला ठाऊक नसतं.

१३. विमान रद्द झालं, घाट बंद पडला, घरी आजारपण आलं. तरीही पैसे कापणार?

नियमानं, हो. विमान कंपनी तिचं तिकीट परत करते, हॉटेलचं नुकसान तिच्या हिशेबात नसतं. उलट हॉटेलही म्हणतं की खोली तयार होती. २०२५ च्या डिसेंबरात देशभर मोठ्या प्रमाणावर उड्डाणं रद्द झाली, तेव्हा ज्यांनी त्याच दिवशी रद्द झाल्याचा मेसेज जोडून लिहिलं, त्यांना पुढची तारीख मिळवणं सोपं गेलं. चार दिवसांनी जागे झालेल्यांची नोंद "नो-शो", म्हणजे न कळवता आलेच नाहीत, अशी होऊन गेलेली होती.

म्हणून उशीर होणार असेल तरी कळवा. पहिल्या रात्री आला नाहीत आणि फोनही नाही, तर पुष्कळ ठिकाणी पूर्ण मुक्काम रद्द धरला जातो. तिसऱ्या दिवशी तुम्ही पोचता आणि खोलीत दुसरंच कुटुंब असतं. आजारपणात डॉक्टरांचा कागद पाठवला तर पैसे नाही, पण क्रेडिट नोट (तीच रक्कम पुढच्या मुक्कामाला वापरायची चिठ्ठी) मिळण्याची शक्यता बरी. तिची मुदत आणि ती नाताळात चालते का, हे तेव्हाच विचारून घ्या. बहुधा चालत नाही.

१४. मी नाही, माझा भाऊ जाईल. नाव बदलता येतं?

थेट हॉटेलकडून केलेल्या बुकिंगला बहुधा येतं, खोली आणि तारीख तीच असली की. आधी कळवा, कारण प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र नोंदवावं लागतं आणि परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. नॉन-रिफंडेबल बुकिंग समाजमाध्यमावर चढ्या भावानं विकायला काढलंत तर मात्र हॉटेल नाव बदलायला नकार देईल.

१५. लग्नाच्या ब्लॉकमधल्या खोल्यांना वेगळे नियम असतात का?

असतात, आणि जास्त कडक. तीस खोल्या अडवल्या की हॉटेल त्या बाहेर विकत नाही. म्हणून करारात टप्पे असतात: अमुक तारखेपर्यंत इतक्या खोल्या विनाशुल्क सोडता येतील, त्यानंतर वापरा किंवा नका वापरू, पैसे भरा. वऱ्हाडातल्या एखाद्याला स्वतःची खोली एक दिवस वाढवायची असेल तर त्यानं हॉटेलला नव्हे, यजमानांना विचारायचं. करार त्यांच्या नावानं असतो.

१६. ३१ डिसेंबरचं गाला डिनर सक्तीचं का? आम्ही नऊला झोपतो.

ती मला सरळ सरळ वसुली वाटते. डीजे, जेवण, सजावट यांचा खर्च आधी ठरलेला असतो आणि तो खोल्यांवर वाटून टाकतात. बुकिंगच्या पानावरच ही रक्कम दाखवली असेल तर ती कराराचा भाग झाली. पोचल्यावर पहिल्यांदा सांगितली, तर देऊ नका. बुकिंगचं व्हाउचर दाखवा. मुलांचा दर कुठल्या वयापासून लागतो तेही विचारा, पाच वर्षांच्या पोराला मोठ्यांचा दर लावलेला पाहिलाय.

१७. हे सगळं कायद्यात बसतं का? तक्रार कुठे करायची?

किमान रात्रींची अट ठेवण्याला मनाई नाही. बुकिंग करताना ती स्पष्ट दाखवलेली हवी. कापलेल्या रकमेबाबत मात्र तुमची बाजू अगदीच लंगडी नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करार मोडल्याबद्दल वाजवी भरपाईच मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये नुकसानीच्या मानानं अवाच्या सवा दंड लावणारी अट "अनुचित करारा"त मोडते. रद्द केलेली खोली हॉटेलनं दुसऱ्याला पूर्ण भावानं विकली आणि तुमचेही सगळे पैसे ठेवले, तर वाद घालण्याजोगा मुद्दा आहे.

सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून करा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी गोव्याला खेटे घालायला नकोत, २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. एक बारकावा: करारातली अटच अनुचित ठरवून हवी असेल तर ते काम राज्य आयोगाचं, जिल्ह्याचं नाही.

कापलेल्या रकमेवर जीएसटी लावला म्हणून भांडू नका. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार त्या रकमेवर खोलीच्याच दरानं कर लागतो.

१८. उलटं झालं तर? हॉटेलनंच "खोली नाही" म्हटलं तर?

ओव्हरबुकिंग. काही पाहुणे येणारच नाहीत हे गृहीत धरून क्षमतेपेक्षा जास्त बुकिंग घेतात, आणि एखाद्या दिवशी सगळेच येतात. अशा वेळी हॉटेलनं त्याच दर्जाची किंवा वरची खोली जवळपास द्यायची, भाड्यातला फरक आणि टॅक्सीचा खर्च स्वतः उचलायचा, हा धंद्याचा रिवाज. अंजुणेचं बुकिंग असताना कोलव्याला पाठवत असतील तर नाही म्हणा, मधे अख्खा गोवा आहे. दुसरीकडे जायला कबूल होण्याआधी "खोली उपलब्ध नसल्यामुळे" हे शब्द त्यांच्याकडून लिहून घ्या. नाहीतर नोंदीत तुम्हीच बुकिंग रद्द केल्याचं दिसतं.

१९. व्हिला आणि होमस्टेला हेच नियम?

मिनिमम स्टे तिथे जास्तच, कारण एकच पाहुणा म्हणजे अख्खं घर. वरून सिक्युरिटी डिपॉझिट. ते किती दिवसांत परत मिळणार हे आधी लिहून घ्या, आणि आत शिरल्या शिरल्या फुटलेल्या वस्तूंचे फोटो काढून मालकाला पाठवा.

पैसे भरण्यापूर्वी पर्यटन खात्याच्या नोंदणीचा क्रमांक मागा. गोव्यात पर्यटकांना खोली भाड्यानं द्यायची तर १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. डिसेंबरात, आसगावच्या पोर्तुगीज वळणाच्या घराचे सुंदर फोटो, निम्मा भाव, मिनिमम स्टे नाही, तारीख हवी तेव्हा बदला, आणि पैसे मात्र एखाद्याच्या वैयक्तिक यूपीआयवर लगेच, असं सगळं जुळून आलं तर ते घर बहुधा त्याचं नसतंच.